हललेले फोटो

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी ना माझा व्हिसा विचारला, ना पगाराची स्लिप. म्हणाले, "जरा जिना चढ आणि उतर."

मला वाटलं, गुडघे बघतायत. लंडनजवळच्या स्लाऊमधलं ते जुनं, भिंतीला भिंत लागलेलं टेरेस्ड घर, जिना शिडीसारखा उभा, आणि खोली पार वर लॉफ्टमध्ये. भाडेकरूला जिना झेपतो का हे आधी बघून घेणारा घरमालक म्हणजे विचारी माणूस, असं मनाशी म्हणत मी चढले आणि उतरले. खाली येते तर दाराआड एक ट्रायपॉड, त्यावर काळा कॅमेरा, आणि काका घड्याळाकडे बघत पुटपुटतायत, "पाच, सहा, सात... झालं. छान उतरतेस. सांडल्यासारखी."

परका देश, परकं घर आणि न विचारता फोटो काढणारा सत्तरीचा म्हातारा. मी पर्स छातीशी धरून दाराकडे सरकायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू आल्या. हाताला कणीक होती.

"घाबरू नकोस गं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या फोटोत बाई आहे की मांजर, तेसुद्धा कळत नाही."

आठवड्याने काकांनी तो फोटो दाखवला. जिन्याचा कठडा अगदी स्पष्ट, भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट, आणि मधून वरपासून खालपर्यंत काहीतरी पांढरं ओघळलेलं. दूध उतू जावं तसं.

"ही तू," काका म्हणाले.

"माझं डोकं कुठेय?"

"डोकं काय करायचंय? उतरताना पाय लागतात."

त्या घरात मी तीन वर्षं राहिले. तीन वर्षांत काकांनी माझे शे-दीडशे फोटो काढले असतील. त्यातला एकही मी आईला नागपूरला पाठवू शकले नाही. एकदा मोबाइलने टिपून पाठवला होता. तिने फोन करून विचारलं, "आग लागली होती का गं?"

काकांचा मूळ धंदा मात्र याच्या बरोबर उलटा होता. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हाय स्ट्रीटवरच्या एका बोळकांडीएवढ्या दुकानात पासपोर्ट फोटो काढले. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, आणि चार हुकूम: तोंड मिटा, हसू नका, डोळे उघडे ठेवा, हलू नका. मराठी, हिंदी, पंजाबी, पोलिश, सगळ्या भाषांत त्यांना हे चार हुकूम येत. "अर्ध्या स्लाऊला मी गप्प बसवलंय," असं ते म्हणत. पण त्यात अभिमान नसायचा. एकदा म्हणाले, "एक बाई आली होती. नवरा वारला त्याच आठवड्यात. भारतात जायचं होतं, पासपोर्ट संपलेला. स्टुलावर बसून रडायला लागली. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, रडून झालं की सांगा, डोळे लाल आले तर फोटो रिजेक्ट होतो. काय माणूस होतो मी!"

पुढे सुपरमार्केटमध्ये फोटोची यंत्रं आली, मग लोक फोनवरच फोटो काढायला लागले, आणि काकांनी दुकान बंद केलं. रिकामपणी ते जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉप्समध्ये हिंडायचे. तिथे त्यांना एक पाणी लागून फुगलेलं पुस्तक मिळालं. शंभरएक वर्षांपूर्वी युरोपात काही लोकांनी हालचालीचे फोटो काढायचा ध्यास घेतला होता, त्याबद्दलचं. पॅरिसमधल्या एका शास्त्रज्ञ डॉक्टराने माणसाला नखशिखांत काळा पोशाख चढवला, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि चालायला लावलं. फोटोत माणूस गायब, नुसत्या पट्ट्यांचा पंखा. मग इटलीतली काही डोकी फिरलेली पोरं आली. त्यांचं म्हणणं, हा डॉक्टर हालचालीचे तुकडे करतो, मोजतो, म्हणजे खाटीकच. आम्हाला सबंध हालचाल पाहिजे, एका दमात. त्यांनी शटर उघडं ठेवलं आणि माणसांना हलू दिलं. टाइप करणाऱ्या बाईला दहा हात, मान वळवणाऱ्या माणसाला तीन तोंडं.

काका अर्थातच पोरांच्या बाजूचे. डॉक्टराचं पान आलं की ते "खाटीक" म्हणून ते उलटत. शार्प फोटोला ते पंचनामा म्हणायचे. कुणी फोनवर नातवंडाचा फोटो दाखवला की चष्मा लावून बघायचे आणि विचारायचे, "छान आहे. जिवंत आहे ना?"

त्यांनी दुकानातला जुना कॅमेरा झाडून पुसून बाहेर काढला. फोटो फिल्मवर निघायचे आणि खालच्या टॉयलेटमध्ये धुतले जायचे. कमोडवर फळी, फळीवर ट्रे, वर लाल दिवा. फोटो धुवायच्या औषधांमुळे सगळ्या घराला व्हिनेगरचा वास. पाहुण्यांना तो उभा जिना चढून वर जावं लागे. "माझ्याकडे येणारी माणसं अर्धाच कप चहा पितात," काकू म्हणायच्या. "पुढचा विचार करून."

एका वर्षी आमच्या भागातल्या मंडळाने गणपतीचे फोटो काढायला काकांना बोलवलं. बोलावणाऱ्यांना एवढंच ठाऊक होतं, की हा माणूस फोटोग्राफर होता. शाळेचा हॉल, आरती, लेझीम, मोदक आणि अध्यक्षांचं भाषण असा बेत होता. काकांनी मन लावून चाळीस फोटो काढले आणि दोन आठवड्यांनी कमिटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर मांडले. सामान उचलायला मी बरोबर होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं.

लेझीमच्या फोटोत लेझीम नव्हती. पोरीही नव्हत्या. हॉलभर चांदीची पिसं उडत होती. मला तो फोटो फार आवडला, पण मला कुणी विचारलं नाही. अध्यक्ष आपला फोटो शोधत होते. तो सापडला. स्टेज स्पष्ट, माइक स्पष्ट, हार घातलेला गणपती तर फारच स्पष्ट. माइकच्या मागे, जिथे अध्यक्ष असायला हवे होते, तिथे थोडंसं धुकं.

"मी कुठे आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"हे काय," काकांनी धुक्यावर बोट ठेवलं. "तुम्ही चाळीस मिनिटं डुलत होता. गणपती एकदाही हलला नाही, बघा."

"आणि हे कोण?" पहिल्या रांगेत तीन जण नखांसकट शार्प आले होते.

"ते झोपलेले," काका म्हणाले. "तुमच्या भाषणात तेवढेच स्थिर होते."

त्यानंतर मंडळाने काकांना कधी बोलावलं नाही. काकूंनी आठ दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं, कारण झोपलेल्यांपैकी एक त्यांचे मावसभाऊ होते.

काकूंचं आणि कॅमेऱ्याचं पटायचं नाही. पण वर्षातून एकदा, डिसेंबरात, त्या काकांच्या हवाली व्हायच्या. तेव्हा साडेचारला अंधार पडतो. काका दिवाळीच्या माळेतले छोटे दिवे कापून बॅटरीला जोडत, आणि काकूंच्या दोन्ही मनगटांना आणि दोन्ही घोट्यांना इलॅस्टिकने बांधत. काळा कोट, काळी टोपी. मग काकूंनी मागच्या बागेत कुंपणाच्या कडेने शेडपर्यंत चालत जायचं. शटर उघडंच. फोटोत काकू दिसायच्या नाहीत. दिसायच्या त्या चार उजळ रेघा. पायांच्या दोन उड्या मारत गेलेल्या, हातांच्या दोन लाटांसारख्या खालीवर. मागे कुंपणाच्या फळ्या अंधुक. असे अकरा वर्षांचे अकरा फोटो होते.

"लग्नात हिच्याकडे बघायचं धाडस नव्हतं," काका म्हणायचे. "आता सावकाश बघतो."

"बघतायत म्हणे," काकू म्हणायच्या. "मला गायब करून!"

मी तिथे असतानाच्या दुसऱ्या डिसेंबरात हा कार्यक्रम झाला तेव्हा काकूंचा उजवा खांदा दुखत होता. जीपीने, म्हणजे भागातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरने, फ्रोझन शोल्डर सांगितला होता, व्यायामाचा कागद दिला होता, आणि काकू तो फ्रीजवर लावून रोज त्याच्याकडे बघत होत्या. त्या चालल्या, आत आल्या, चहा टाकला. तासाभराने काका टॉयलेटमधून ओला फोटो घेऊन बाहेर आले.

"हात का धरून ठेवलास?"

"कुठे धरला?"

"हे बघ. डाव्या हाताची लाट आहे. उजव्या हाताची सरळ रेघ. पट्टीने आखल्यासारखी."

"दुखतोय तो. हलवला नसेल."

"चालताना हात आपण हलवत नाही, तो हलतो," काका म्हणाले. "चल, परत."

दुसऱ्या दिवशी परत. दिवे बदलून परत. तिसऱ्या दिवशी काकूंना न सांगता, मी त्यांच्याशी नागपुरी वडाभाताबद्दल गप्पा मारत बरोबर चालायचं आणि त्यांचं लक्ष हातावर जाऊ द्यायचं नाही, असं ठरवून परत. खांदा आता दुखत नाही, असं त्या स्वतःच म्हणाल्या होत्या. रेघ सरळच आली. तेव्हा मात्र काकूंनी दिवे ओरबाडून काढले. "मी काय सर्कशीतली आहे?"

त्या रात्री जेवताना काकांनी अकरा फोटो ताटांच्या मधून एकाखाली एक लावले होते. कोशिंबिरीचा थेंब एकावर पडला, तरी त्यांनी पुसला नाही.

डॉक्टरकडे मी बरोबर गेले. काकूंनीच सांगितलं होतं, "तू ये. हे इंग्लिशमध्ये भांडतात तेव्हा व्याकरण सोडतात." दहा मिनिटांची अपॉइंटमेंट. डॉक्टर माझ्याच वयाची मुलगी, डोळ्यांखाली काळं. तिने खांद्याबद्दल विचारायला सुरुवात केली आणि काकांनी तिच्या कीबोर्डवरच फोटो ठेवले.

"लव्हली!" ती म्हणाली. "ख्रिसमस लाइट्स?"

"नो," काका म्हणाले. "माय वाइफ."

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण त्या मुलीने फोटो हातात घेतला. हा दिवा कुठल्या हाताचा, तिने विचारलं. हा फोटो कधीचा, आणि हा? मग ती उठली, दार उघडलं, आणि काकूंना कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. एकदा जाताना, एकदा येताना. मग आत बसवून अंगठा आणि बोट भराभर एकमेकांवर आपटायला सांगितलं. डावा हात चिमणी टोचते तसा चालला. उजवा सुरू झाला, मग बोटांमधलं अंतर कमी झालं, आणखी कमी झालं, आणि हात मधेच थांबला. काकू त्या हाताकडे दुसऱ्याचा असल्यासारखं बघत राहिल्या.

"मी तुम्हाला न्यूरॉलॉजीकडे पाठवते," डॉक्टर म्हणाली. मग फोटो उचलून, "एक फोटो मला ठेवून घेता येईल?"

स्वतःचा प्रिंट काकांनी कधी कुणाला दिला नव्हता. त्यांनी दोन दिले.

पुढे दोनेक महिन्यांनी नाव कळलं. पार्किन्सन्स. घरी आल्यावर काकूंनीच मला सांगितलं, भाजी निवडता निवडता. "कंपवात म्हणतात त्याला आपल्यात. आणि मला कंप नाहीच. माझं सगळंच उलटं."

काकांना मी दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या टॉयलेटमध्ये बसलेलं बघितलं. दिवा साधा, दार उघडं, मांडीवर एक खोका. खोक्यावर पासपोर्टच्या दुकानातला 'बाद' असा शिक्का. त्यांच्या हातात एक निगेटिव्ह होती.

"मागच्या वर्षीची," ते म्हणाले. "चार फोटो काढले होते. तिन्हींत उजव्या हाताची लाट बारीक आली. मी म्हटलं, बॅटरी गेली. चौथा त्यातल्या त्यात बरा होता, तो ठेवला. तिन्ही बाद."

मी म्हटलं, "काका, वर्षभर आधी कळून तरी काय झालं असतं?"

"ते नाही गं." त्यांनी निगेटिव्ह उजेडाकडे धरली. "मी मिजास करायचो, की हिची चाल मी बघतो. मी काय बघत होतो? फोटो बरा आलाय का, ते! गाढव साला."

त्या आठवड्यात त्यांनी कॅमेरा पेटीत घातला. ट्रे धुतले, फळी काढली, टॉयलेट ब्लीचने घासून लख्ख केलं. पाहुण्यांना खालीच जाता यायला लागलं, आणि घरात सुतक आल्यासारखं वाटायला लागलं. काका दिवसभर टीव्हीवर स्नूकर बघायचे. स्नूकरमध्ये फारसं काही हलत नाही.

त्यांचा मुलगा कार्डिफहून आला. तो तिथे हॉस्पिटलमध्ये एक्सरे काढतो. ("तोही फोटोच काढतो," काका म्हणायचे, "पण आतले. आणि माणसाला श्वाससुद्धा घेऊ देत नाही.") त्याने गोळ्यांचा डबा आणला, वारांच्या नावांचा. मग बापाला बाजूला घेऊन म्हणाला, "बरं झालं बाबा, तू ते बंद केलास. थंडीमध्ये आई बागेत चालतो, पडला तर?"

"आधी आईला स्त्रीलिंगी कर," काका म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

काकू दारातच उभ्या होत्या. "मी पडेन की नाही, ते मी बघेन," त्या म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "आणि तुम्ही. सुरू केलंत तेव्हा मला विचारलं नाहीत. बंद करताना तरी विचारायचं."

"तुला आवडत नव्हतं ना?"

"नव्हतंच आवडत. पण ती हॉस्पिटलातली नर्स विचारते, गोळीने फरक पडतो का? मला काय ठाऊक? मला आतून सगळं सारखंच वाटतं. तुमच्याकडे दिसतं." त्यांनी हात पुढे केला. "बांधा दिवे. गोळीच्या आधी एक काढा, तासाभराने एक."

मार्च होता, अंधार पडायला सहा-साडेसहा वाजले. काकू दोनदा चालल्या. मुलगा कुंपणापाशी हात पसरून उभा होता, गोलकीपरसारखा. काका फोटो धुवायला गेले. पहिल्या फोटोत तीच सरळ रेघ. दुसऱ्यात, शेडच्या अलीकडे, उजव्या हाताला एक लाट होती. अगदी बारीक, पण होती. मुलगा फोटो जवळ धरून बराच वेळ बघत राहिला, रोज शेकडो फोटो बघणारा माणूस. "बाबा," तो म्हणाला, "धिस इज अ प्रॉपर इमेज." काका तेवढ्यात पुन्हा टॉयलेटमध्ये शिरले होते आणि ते पाऊण तास बाहेर आले नाहीत. आम्ही सगळे आळीपाळीने वर जाऊन आलो.

मी नंतर नोकरी बदलून मेडनहेडला राहायला गेले. फोन व्हायचे. काकू फोनवर सांगायच्या, आता नवीनच खूळ, पाय मधेच चिकटतात. दारातून बाहेर पडायचं असलं की जमिनीला खिळल्यासारख्या उभ्या राहतात, मागून कुणी ढकललं तरी पाऊल पडत नाही. बसने दुकानात जाऊन स्वतःच्या हाताने भाजी निवडणं बंद झालं, याचंच त्यांना जास्त लागलं होतं. "हे वांगी आणतात," त्या म्हणाल्या, "ती गळाठलेली असतात. ह्यांना हललेलंच आवडतं."

मग एकदा काकांचा फोन आला. फिजिओने सांगितलं होतं, जमिनीवर आडव्या रेघा असल्या की अशा माणसांचं पाऊल सुटतं, रेघ ओलांडायची म्हणून पाय उचलला जातो. "पण किती अंतरावर रेघा, ते तिला सांगता येईना. म्हणे साधारण. साधारण म्हणजे काय? कुणाचं साधारण?" त्यांनी अकरा फोटो पुन्हा काढले होते. मागच्या कुंपणाची एक फळी सहा फूट लांब. त्या हिशेबाने, भिंग आणि पट्टी घेऊन, घोट्याचा दिवा कुठे टेकला आणि पुढे कुठे टेकला हे त्यांनी मोजून काढलं. ज्या माणसाने त्या पॅरिसच्या डॉक्टराला इतकी वर्षं खाटीक म्हटलं, तो तीन दिवस मिलिमीटर मोजत बसला होता. "बावीस इंच," ते म्हणाले. "हिचं पाऊल. पहिल्या फोटोपासून सातव्यापर्यंत बावीस. एकदाही चुकली नाही बाई."

स्वयंपाकघरापासून दारापर्यंत त्यांनी पांढरी टेप लावली. काकू दारापर्यंत आल्या, आणि उंबऱ्याशी टेप संपली तिथेच थांबल्या. तेव्हा काकांनी खडू घेतला.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. बसमधून उतरले तर स्टॉपपासूनच फुटपाथवर आडव्या पांढऱ्या रेघा. गल्लीच्या वळणावर, टपालाच्या लाल पिलर बॉक्सला वळसा घालून, पुढे. स्टॉपसमोरच्या घरातल्या बाईंनी दारातूनच सांगितलं, की पाऊस थांबला की म्हातारा गुडघ्यांवर बसून पुन्हा आखतो. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक माणूस आला होता, ग्राफिटीची तक्रार बघायला. काकांनी त्याला चहा दिला नाही, एक फोटो दाखवला नाही, काही समजावलं नाही. फक्त म्हणाले, दहा मिनिटं थांबा, ही आत्ता निघेल. काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या, रेघांवरून स्टॉपपर्यंत गेल्या, बसमध्ये चढल्या. कौन्सिलचा माणूस बस दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. मग काकांना विचारून गेला, की पावसात टिकेल असा एखादा रंग मिळतो का ते बघू का.

मी चालायला लागले. रेघा जवळजवळ होत्या, माझं पाऊल मोठं. पहिल्या चार-पाच रेघा चुकल्या, मग पाय आपोआप लहान झाले, भराभर पडायला लागले. असं मी कधीच चालत नाही. काकू तिशीत, चाळिशीत, या देशात नव्याने आल्यावर अशाच चालत असतील, असं वाटून मला जरा हसू आलं.

मागे दुसरी बस थांबल्याचा आवाज आला म्हणून वळून बघितलं, तर रेघांवरून कुणीतरी येत होतं. काळा कोट, खांद्याला पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणारी मेथी. नजर खाली रेघांवर. अगदी जवळ आल्यावर काकूंनी वर बघितलं, मला ओळखलं, पण थांबल्या नाहीत.

"बाजूला हो," त्या म्हणाल्या. "आत्ता थांबले तर अडकेन. घरी ये मागून."